सहा अर्ज, एक क्रीडा निधी: यातलं खेळ कशाला म्हणायचं?

आमच्या सोसायटीत दर वर्षी क्रीडा निधी म्हणून थोडी रक्कम बाजूला काढतात. वर्षानुवर्षं तिचा खर्च ठरलेला: जानेवारीतल्या सामन्यांचे टेनिस बॉल, दोन चषक आणि शेवटच्या दिवशीची मिसळ. यंदा सहा अर्ज आले. गोविंदा पथकाला हार्नेस आणि गाद्या हव्या होत्या, मल्लखांबाच्या वर्गाला नवा खांब. बुद्धिबळवाल्यांनी घड्याळं मागितली, कॅरमवाल्यांनी दोन बोर्ड. तीन पोरांनी मिळून मोबाइल गेमच्या टीमसाठी वायफायचा खर्च मागितला. सहावा अर्ज बी विंगमधल्या काकूंचा, मंगळागौरीच्या गटासाठी. खजिनदारांनी सगळे कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "यातलं खेळ कुठलं ते आधी ठरव, मग पैशाचं बोलू."

मी गमतीत म्हटलं, मंगळागौर तरी नक्की बाद. ते काकूंच्या कानावर गेलं. जिन्यात गाठून म्हणाल्या, "दहा मिनिटं फुगडी घालून दाखव, मग सांग खेळ आहे की नाही ते."

तेव्हापासून मी यावर जरा नीट विचार केला. तुमच्याही मंडळात, शाळेत किंवा घरात हाच प्रश्न पुढेमागे येणार, म्हणून अर्ज जोडीजोडीने समोरासमोर ठेवून पाहतो.

आपली पहिली अडचण मराठीच करून ठेवते. आपल्याकडे 'खेळ' हा शब्द कुणालाही नाही म्हणत नाही. नाटकाचा खेळ असतो, डोंबाऱ्याचा खेळ असतो, भातुकलीही खेळच. सरकारी कागदावर गेलं की तोच शब्द 'क्रीडा' होऊन टाय लावून बसतो. पण मराठीने एक चांगली सोयही केली आहे: मैदानी खेळ आणि बैठे खेळ. आजीने पत्ते पिसताना 'हा खेळ आहे का' असा वाद कधी घातला नाही. बसून खेळायचा तो बैठा, संपलं. वाद सुरू होतो तो पैसे, प्रमाणपत्र किंवा नोकरी मध्ये आली की.

गोविंदा आणि मल्लखांब

ही जोडी आधी घेतो, कारण वरवर दोन्ही सारखेच दिसतात. माणसं वर चढतात, खाली बघणाऱ्याचा श्वास अडकतो, पडलं तर लागतं. दोन्ही आपल्या मातीतले. अंगमेहनत मोजायची तर दोघांपैकी कुणालाच कमी म्हणता येणार नाही. खालच्या थरातल्या माणसाच्या खांद्यावर काय येतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तरी एक खेळ आहे आणि दुसरा, निदान आपल्या चौकात दिसतो तसा, माझ्या मते अजून पुरता खेळ नाही.

मल्लखांब मुळात पैलवानांचा पूरक व्यायाम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला उभारी दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला जर्मनीला गेलं, त्यातही मल्लखांब होता. पण प्रात्यक्षिक म्हणजे स्पर्धा नव्हे. स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर स्पर्धा सुरू झाल्या आणि कुणीतरी बसून नियम लिहिले तेव्हा चित्र बदललं. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे प्रकार वेगळे झाले. कुठल्या उडीला किती गुण, अढी, म्हणजे पायांची पकड, सुटली तर किती कापायचे, पाय वाकला तर किती, उतरताना तोल गेला तर किती, हे सगळं ठरलं. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशातून आलेली मुलं त्याच खांबावर, त्याच नियमांनी, तेच एरंडेल चोळून चढत होती. अनोळखी गावचा पंच आणि अनोळखी देशातला खेळाडू यांच्यात 'तू हरलास' हे भांडण न होता ठरू शकतं. ही माझी पहिली कसोटी, आणि पुढे सगळ्या अर्जांना तीच लावणार आहे: इथे नीट हरता येतं का?

आता दहीहंडी. सणाच्या दिवशी पथक ट्रकमधून निघतं. एका नाक्यावर हंडी इतक्या उंचीवर, दुसऱ्या नाक्यावर तितक्या. बक्षीस आयोजकाच्या मर्जीवर. आधी पोचलेल्याला संधी आधी, उशिरा पोचलेला सलामी देऊन पुढच्या नाक्याला. आठ थर लावून सुखरूप उतरलेल्या पथकाला एखादं मानचिन्ह मिळतं आणि सहा थरांत हंडी फोडणारं पथक लोणी घेऊन जातं. दिवस संपताना कोण जिंकलं? सगळेच. हरलं कोण? कुणीच नाही. सणाला हे अगदी शोभतं, पण खेळात हा मोठा दोष आहे.

सरकारने २०१५ साली आणि पुन्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये दहीहंडीला 'साहसी खेळ' म्हटलं. त्या विशेषणावर जरा थांबायला हवं. 'साहसी' या खात्यात गिर्यारोहण येतं, पॅराग्लायडिंग येतं. तिथे समोर प्रतिस्पर्धी असावाच असा आग्रह नाही, समोर धोका असतो. म्हणजे हा शिक्का खरं तर सुरक्षिततेबद्दल बोलतो. दहीहंडीचा न्यायालयातला सगळा प्रवासही त्याच वाटेने झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती लागू ठेवली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना बंदी ठेवली. गुण कसे द्यायचे, विजेता कसा ठरवायचा, यावर तिथे कुणी वेळ घालवला नाही आणि घालवायची गरजही नव्हती. २०२२ च्या घोषणेत गोविंदांना खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ देण्याची गोष्ट आली तेव्हा मात्र स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं चिडली, आणि माझ्या मते त्यांचं काही चुकलं नाही. विमा देण्यासाठी धोका पुरतो. नोकरी देण्यासाठी 'याच्यापेक्षा हा सरस' हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं, आणि सलामीतून ते होत नाही.

इथे स्पेनमधला कॅटलोनिया आठवतो. तिथेही माणसांचे मनोरे रचतात, आपल्यासारखेच, अगदी दहा थरांपर्यंत, वर चिमुकलं पोर. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं. एरवी ते गावच्या जत्रेतच असतात. पण तारागोना शहरात दर दोन वर्षांनी स्पर्धा होते आणि तिथल्या गुणांच्या तक्त्यात एक फार शहाणी गोष्ट आहे. मनोरा पूर्ण उभा राहिला पण उतरताना कोसळला तर कमी गुण, उभा करून सगळे शिस्तीत खाली उतरले तर जास्त. म्हणजे उतरणं हा कौशल्याचा भाग धरला आहे. आपल्याकडे हंडी फुटली की ढोल सुरू, मग थर कोसळले तरी कुणाला काय! एका ओळीच्या नियमाने पोरांची डोकी वाचतात आणि खेळही जास्त खेळ होतो. सलामीत सुखरूप उतरण्याला आपल्याकडेही मान आहे, तो फक्त गुणपत्रिकेत यायला हवा.

तशी सुरुवात झालीय. २०२३ पासून वरळीला प्रो गोविंदा नावाची स्पर्धा होते: छताखाली, घड्याळ लावून, सगळ्यांना सारखी जागा आणि सारखी अट. तिथे पथकं खरोखर हरतात. तीच माणसं, तेच खांदे, पण मांडणी बदलली आणि सणाचा खेळ झाला. मल्लखांबाचंही उलट बाजूने तेच. गणेशोत्सवात व्यासपीठावर मुलं मल्लखांबाचे मनोरे करतात तेव्हा ते प्रात्यक्षिक असतं, स्पर्धा नसते. म्हणून 'दहीहंडी खेळ आहे का' असं विचारण्यापेक्षा 'तुमच्या नाक्यावरची दहीहंडी खेळ आहे का' असं विचारा. उत्तर लगेच मिळतं.

निधीपुरतं सांगायचं तर मल्लखांबाला खांब द्या, यात चर्चा नको. पथकाला हार्नेस आणि गाद्याही द्या, पण खेळ म्हणून नव्हे. पोराचं डोकं आपटतं तेव्हा तो सण होता की क्रीडा हे कवटीला कळत नाही. आमच्याकडे यावर 'मग ते सांस्कृतिक निधीतून द्या' असा मुद्दा निघाला. सांस्कृतिक निधी म्हणजे ऑर्केस्ट्राचं बिल, त्याला कोण हात लावणार?

बुद्धिबळ आणि कॅरम

दोन्ही बैठे. दोन्हींना पट लागतो, दिवा लागतो आणि शेजारी उभं राहून फुकटचे सल्ले देणारा एक माणूस लागतो. पण खेळ कशाने होतो, हे या जोडीइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

इथे दुसरी कसोटी कामाला येते: दुसऱ्याच्या हातून खेळता येतं का? बुद्धिबळात येतं. दृष्टिहीन खेळाडू चाल तोंडाने सांगतो आणि मदतनीस ती समोरच्या पटावर करतो, तरी डाव शंभर टक्के त्याचाच राहतो. एकेकाळी लोक पोस्टकार्डावर चाली पाठवून महिनोन्महिने डाव खेळायचे. पोस्टकार्डावर कॅरम खेळून बघा! 'माझा स्ट्रायकर उजव्या वर्तुळाशी ठेव, काळ्याला हलका कट दे, राणी भोकात जाईल' असं लिहून राणी जात नाही. पंधरा ग्रॅमपर्यंतचा स्ट्रायकर, चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचा चौकोन, त्यावर बोरिक पावडर, आणि नखाच्या टोकाशी किती जोर द्यायचा हे फक्त त्या बोटाला माहीत. विचार डोक्याचा असला तरी निकाल बोट लावतं.

या कसोटीवर कॅरम नेमबाजीच्या पंक्तीला बसतो. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं. त्याला धावायचं नव्हतं, उडी मारायची नव्हती, उलट जमेल तितकं स्थिर राहायचं होतं. घाम हा खेळाचा पुरावा मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. शरीर किती हललं याला महत्त्व नाही, निकाल शरीराच्या कौशल्यावर ठरला का याला आहे.

म्हणजे शरीराचा नियम लावला तर कॅरम आत, बुद्धिबळ बाहेर. आता मान्यतेचं बघा, सगळं उलटं. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९९ मध्ये मान्यता दिली. दोहाच्या २००६ च्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकं होती. आपल्याकडे खेलरत्न हा देशातला सर्वोच्च क्रीडा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो विश्वनाथन आनंदला. महाराष्ट्राला खाडिलकर भगिनींपासून प्रवीण ठिपसेंपर्यंत आणि आता नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत मोठी परंपरा. दिव्याने २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. कॅरमला ऑलिम्पिकचं दार अजून बंद आहे. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, जागतिक स्पर्धा होतात, आपल्या गल्लोगल्ली चॅम्पियन आहेत, पण पेपरात चार ओळी.

याचं कारण कौशल्यात शोधून सापडणार नाही. बुद्धिबळाच्या मागे काही शतकांपासूनचे लिहून ठेवलेले डाव आहेत, जगभर एकच नियमपुस्तक आहे आणि खेळाडूची ताकद सांगणारा रेटिंगचा आकडा आहे. सांगलीच्या मुलाचा आकडा नॉर्वेच्या मुलाशी थेट ताडून बघता येतो. 'नीट हरता येतं का' या माझ्या पहिल्या कसोटीत बुद्धिबळ सहाही अर्जांत पहिलं. पंचाची मर्जी नाही, पाऊस नाही, नशीब नाही. हरलात तर तुम्हीच हरलात.

शरीर अगदीच नसतं असंही नाही. कार्पोव आणि कास्पारोव यांची जगज्जेतेपदाची लढत १९८४ च्या सप्टेंबरात सुरू झाली, ४८ डाव झाले, आणि पाच महिन्यांनी खेळाडू थकल्याचं कारण देऊन ती निकालाविनाच थांबवली. कार्पोव खंगल्यासारखा दिसत होता असं तेव्हा लिहिलं गेलं. ऑलिम्पिकच्या दारात उभं राहायचं म्हणून बुद्धिबळाने उत्तेजक चाचणीही स्वीकारली. २००८ मध्ये ड्रेस्डेनच्या ऑलिंपियाडमध्ये शेवटच्या दिवशी ग्रँडमास्टर इव्हान्चुक डाव हरला आणि चिडून चाचणी न देताच निघून गेला. पुढे तो निर्दोष सुटला. उंटाची चाल सुधारणारं औषध कुठलं, हे विचारायची सोय नाही. संघटनेत बसायचं तर संघटनेच्या पंगतीतलं सगळं वाढून घ्यावं लागतं.

या वादात सगळ्यात मजेची गोष्ट ब्रिज या पत्त्यांच्या डावाची. इंग्लंडमधल्या ब्रिज संघटनेला खेळ म्हणून मान्यता हवी होती. तिथल्या क्रीडा खात्याच्या संस्थेने दिली नाही, २०१५ मध्ये उच्च न्यायालयातही संघटना हरली. दुसऱ्या दाव्यात स्पर्धेच्या प्रवेशशुल्कावरचा कर वाचवायला ती लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे निकाल लागला: ज्यात शारीरिक भाग नगण्य आहे तो करापुरता खेळ नव्हे. गंमत म्हणजे त्याच इंग्लंडच्या धर्मादाय संस्थांच्या कायद्यात खेळाच्या व्याख्येत बौद्धिक कौशल्यही धरलेलं आहे. एकाच देशात एका टेबलावर ब्रिज खेळ, दुसऱ्यावर नाही. आणि निकालानंतर वर्षही झालं नव्हतं तोच, २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला ब्रिजचं सुवर्णपदक आणून दिलं. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. राष्ट्रगीत वाजलं तेव्हा लक्झेंबर्गच्या न्यायालयाची आठवण कुणाला आली असेल असं वाटत नाही.

तेव्हा या जोडीतून निवडायचं तर आधी स्वतःला विचारा, तुम्ही नेमकं कशासाठी निवडताय. पोराला पुढे रेटिंग, राज्य-राष्ट्रीय स्पर्धा आणि नाव असा रस्ता हवा असेल तर बुद्धिबळ. आखलेला, उजेडाचा रस्ता आहे, फक्त त्यावर गर्दी फार आहे. संध्याकाळी आठ ते ऐंशी वयाची माणसं एका टेबलाभोवती यावीत असं वाटत असेल तर कॅरम, डोळे मिटून. निधीच्या दृष्टीने मी दोन्ही मंजूर केले. पण 'बुद्धिबळ खेळ आणि कॅरम टाइमपास' असं आमच्या समितीतला एकजण बोलला तेव्हा त्याला कॅरमवर बसवून व्हाइट स्लॅम, म्हणजे पहिल्याच पाळीत राणीसकट सगळ्या पांढऱ्या सोंगट्या, मारून दाखवायला सांगितलं. अजून तो बोर्डाजवळ फिरकलेला नाही.

मोबाइलवाली पोरं

इथे मला माझं मत गिळावं लागलं. 'दुसऱ्याच्या हातून खेळता येतं का' ही कसोटी लावली तर ई-स्पोर्ट्स बुद्धिबळापेक्षा सरस ठरतात. अंगठ्याची चपळाई, नजर, क्षणात प्रतिसाद, सगळं स्वतःचंच लागतं. हरणंही स्वच्छ. २०२३ मध्ये हांगझोला झालेल्या आशियाई स्पर्धांत त्यांना पदकं होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले आणि बाकी ऑनलाइन गेमिंग माहिती तंत्रज्ञानाकडे. रमीच्या जाहिराती आणि ही पोरं यांत फरक आहे, हे घरात आईवडिलांना सांगायला तेवढा कागद उपयोगी पडतो.

मग अडलं कुठे? मालकीत. खो-खो कुणाच्या मालकीचा नाही. कॅरम बनवणारा कारखाना उद्या बंद पडला तर दुसऱ्याचा बोर्ड आणू. या गेमचा मात्र मालक असतो. तो एका रात्रीत नियम बदलू शकतो आणि सरकार एका रात्रीत गेमच काढून घेऊ शकतं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी गेलं. त्याच्या जागी आलेलं बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये गायब झालं आणि २०२३ मध्ये परत आलं. मधल्या काळात सराव करणाऱ्या पोरांनी काय करायचं? कबड्डी एका रात्रीत गायब झाल्याचं कुणी ऐकलंय का? मुलगा यात खरंच पुढे जात असेल तर अडवू नका. पण दहावी-बारावीची वर्षं त्यावर लावण्याआधी हा धोका घरात मोकळेपणाने बोला. वायफायचा अर्ज मी नामंजूर केला. कारण सांगताना 'हा खेळ नाही' असं मात्र म्हटलं नाही. वायफाय घरोघरी आहे, एवढंच म्हटलं.

काकूंची फुगडी

आता मुद्द्याचं. फुगडी घालून बघितली. काकूंशी नव्हे, बायकोशी, घरात, पडदे लावून. दोन मिनिटांत दम गेला. बसफुगडीचं तर नावच काढू नका, मांड्या चार दिवस बोलत होत्या. झिम्मा, पिंगा, किकीचं पान, तासभर चालणारा हा प्रकार अंगमेहनतीत कुठल्याही व्यायामशाळेच्या तोडीचा आहे.

मग खेळ का नाही? हरता येत नाही म्हणून. फुगडीत समोरची व्यक्ती प्रतिस्पर्धी नसतेच. तिच्या हातांवर तुमचा सगळा भार आहे आणि तुमच्या हातांवर तिचा. एकीने 'जिंकायला' हात सोडला तर दोघीही आपटतील. एकमेकींना सावरणं हाच त्याचा सगळा आनंद. हल्ली मंगळागौरीच्या स्पर्धा भरतात, पण तिथे पंच नऊवारी, नथ, गाणी आणि 'एकूण सादरीकरण' बघून गुण देतात. मग ती नृत्याच्या जवळ जाते.

हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "जिम्नॅस्टिक्सलाही पंचच गुण देतात की." बरोबर. मल्लखांबालाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने योगासनांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली, तिथेही पंचच. अनेक जुने साधक त्यावर नाराज आहेत. मन शांत करायला बसायचं आणि शेजारच्यापेक्षा जास्त शांत झालो म्हणून पदक घ्यायचं, हे त्यांना पटत नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही. पण गुणांचा तक्ता तयार झाला आणि आसनांचा खेळ झाला, हे खरं.

अगदी चालण्याचंही असंच होतं. आमच्या बागेत पहाटे निघणारा घोळका व्यायाम करतो. तेच चालणं ऑलिम्पिकमध्ये खेळ होतं, कारण तिथे विचित्र अट आहे: एक पाय कायम जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून शरीर त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. लवकर पोचायचं तर धावता येतं, पण धावायचं नाही. मुद्दाम स्वतःची वाट अवघड करून घ्यायची आणि मग त्यात पहिलं यायचं.

आणि ज्या खो-खोचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तो तरी काय होता? पाठशिवणीच होती. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तेव्हा प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या दोन मराठी कर्णधारांच्या संघांनी तो जिंकला. पाठशिवणी ते विश्वचषक या वाटेवर पळणं तेच राहिलं, मध्ये वेळ मोजणारं घड्याळ आणि लिहिलेला कागद आला.

प्रमाणपत्रासाठी निवडणाऱ्यांना

काही वाचकांना हा सगळा खल नको असेल. मुलीला दहावीत क्रीडागुण मिळतील का, पुढे खेळाडूंच्या पाच टक्क्यांत अर्ज करता येईल का, एवढंच हवं असेल. त्यांच्यासाठी माझ्या दोन्ही कसोट्या निरुपयोगी आहेत. तिथे फक्त यादी चालते. क्रीडा विभागाच्या यादीत तो खेळ आहे का, शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात का, आणि प्रमाणपत्र देणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन प्रवेश घेण्याआधी विचारा. एका खेळाच्या दोन-दोन संघटना असतात, दोन्ही स्वतःला 'राष्ट्रीय' म्हणवतात आणि दोन्ही चकचकीत प्रमाणपत्रं छापतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची तीन वर्षांची पदकं पडताळणीत बाद झाली. मुलगा खरोखर चांगला होता, संघटना चुकीची होती. क्लासवाल्याला 'हा खेळ मान्य आहे ना' असं विचारू नका, तो हो म्हणणारच. 'कुणाची मान्यता, कुठल्या वर्षीपर्यंत' असं विचारा आणि कागद दाखवायला सांगा.

मान्यता नाही म्हणून खेळ कमी ठरत नाही, हे कॅरमकडे बघून कळतंच. पण नोकरीच्या अर्जात ते लिहिता येत नाही.

शेवटी अर्जांचं असं झालं. खांब मंजूर. हार्नेस मंजूर, आणि पथकाकडून लेखी घेतलं की सगळे सुखरूप उतरेपर्यंत ढोल वाजणार नाहीत. घड्याळं मंजूर, पण सहाऐवजी चार. कॅरमचे दोन्ही बोर्ड आले, एकावर पहिल्याच रात्री कुणीतरी चहा सांडला. काकूंचा अर्ज मी परत पाठवला आणि सोबत कोरा कागद जोडला: यात हरायचं कसं ते लिहून द्या, पुढच्या वर्षी पैसे.

परवा त्या कागद घेऊन आल्या. जोडीने किती वेळ, किती फेऱ्या, लय मोडली तर किती गुण वजा, हात सुटला तर दोघीही बाद, सगळं सुवाच्य अक्षरात. पहिलाच नियम मात्र लाल शाईने अधोरेखित होता: साडीला गुण नाहीत.